डोक्यातला कोंडा, कोपरावरचा चट्टा आणि ते यीस्ट

(एपिसोडचा लेखी मजकूर. ज्यांचा डेटा संपलाय किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय.)

राजापेठहून बोलतोय. मागून पुलावरच्या गाड्यांचा आवाज येतोय, तो तसाच राहू देतो. खिडकी लावली तर खोलीत बसवत नाही, आणि पंखा लावला तर तो तुमच्या कानात घोंघावतो. दोन्हीतला बरा आवाज गाड्यांचा.

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळं होतोय. पाठवणारी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. नाव-गाव सांगत नाही, पण तिला विचारून तिचं बोलणं वाचून दाखवतो. "दादा, मले दोन वर्षांपासून सोरायसिस हाय. डोक्शात अन् कोपरावर. रीलमंदी पाह्यलं का हे यीस्टमुळं होते अन् डॉक्टर लोकं सांगत नाही. मंग म्या पाव बंद केला, इडली-डोसा बंद केला, साखर बंद केली. मेडिकलमधून फंगसच्या गोया आणल्या. आठवड्याची जे गोई होती ते बी बंद केली, कायले घ्या म्हटलं. पहिले दहा-बारा दिवस बरं वाटलं. आता गुडघ्यावर बी आलं. ते रील खोटी होती का?"

तर रील पूर्ण खोटी नव्हती, आणि तिथंच गोची आहे. साफ खोटी गोष्ट पकडता येते. अर्धी खरी गोष्ट सहा महिने फिरवते.

एक आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. फार्मसी शिकलो, काही वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभा राहिलो. तिथं रोज संध्याकाळी कुणीतरी यायचं आणि डोकं पुढं करून म्हणायचं, "कोंड्याचा जालीम शाम्पू द्या." त्यातल्या काहींच्या डोक्यात कोंडा नसायचाच. म्हणून या विषयाचं वाचन सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

आता थोडं मागं जाऊ, दीडशे वर्षं. १८७३ साली इटलीतल्या सेबास्तियानो रिव्होल्टा नावाच्या माणसानं सोरायसिसच्या एका पेशंटच्या त्वचेचा कोंडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. हा माणूस पेशानं जनावरांचा डॉक्टर. त्याला त्या कोंड्यात गोल, दुहेरी कडा असलेल्या, अंगाला कोंब फुटलेल्या पेशी दिसल्या. कोंब फुटून वाढणं हे यीस्टचं लक्षण. त्यानं त्याचं नाव ठेवलं क्रिप्टोकॉकस सोरायसिस. म्हणजे बघा, या यीस्टच्या पहिल्या नावातच सोरायसिस होता. रीलवाल्याला हे माहीत असतं तर त्यानं नक्कीच वापरलं असतं.

पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, फ्रान्सच्या लुई-शार्ल मालासे यांना असंच यीस्ट साध्या कोंड्यात सापडलं. १८८९ मध्ये त्यांच्याच नावावरून या कुळाचं नाव पडलं, मालासेझिया. आज आपण हेच नाव वापरतो. सोरायसिस नावातून गेला तो कायमचा, कारण हे यीस्ट नुसतं सोरायसिसवाल्याच्या अंगावर नसतं. ते माझ्या डोक्यात आहे, तुमच्या डोक्यात आहे, राजापेठ चौकात बसची वाट बघत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात आहे. त्वचेवर राहणाऱ्या बुरशींमध्ये सगळ्यात मोठी वस्ती याचीच.

या यीस्टची एक गंमत आहे. त्याला स्वतःला चरबी बनवता येत नाही. २००७ साली मालासेझिया ग्लोबोसा या जातीचा पूर्ण जीनोम वाचला गेला, तेव्हा दिसलं की स्निग्ध आम्लं तयार करणारं जे मुख्य जनुक लागतं तेच याच्याकडं नाही. घरात चूल नसलेला माणूस जसा रोज खानावळीत जेवतो, तसं हे आपल्या त्वचेतून निघणाऱ्या तेलावर जगतं. तेलातली चरबी फोडायला ते लायपेज नावाची एन्झाइम सोडतं. त्यातून हवी ती आम्लं ते खातं आणि काही मागं टाकतं. मागं टाकलेल्यात ओलेइक आम्ल असतं. ज्यांची त्वचा त्याला सहन करत नाही त्यांना खाज सुटते, पापुद्रे निघतात. हाच आपला साधा कोंडा.

म्हणूनच ते डोक्यात, नाकाच्या बाजूला, कानामागं, छाती-पाठीवर जास्त असतं. तेलाच्या ग्रंथी तिथं जास्त. आणि म्हणूनच कोंडा बहुतेकांना वयात आल्यावर सुरू होतो, दुसरी-तिसरीतल्या पोराला सहसा नसतो. उन्हाळ्यात पाठीवर, मानेवर फिकट डाग उठतात ना, ज्याला आपण शिबं म्हणतो, तेही याच यीस्टचं काम. ती शिबं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर आखूड धागे आणि गोळे एकत्र दिसतात. इंग्रजी पुस्तकवाले त्याला स्पॅगेटी आणि मीटबॉल म्हणतात. मला ते शेवयांवर सांडलेल्या बुंदीसारखं वाटतं.

पावातलं यीस्ट याचं कोणी लागत नाही, तेही इथंच सांगून टाकतो. बेकरीतलं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस. ते साखर खातं. मालासेझिया तेल खातं. पाव खाल्ल्यानं डोक्यातलं मालासेझिया वाढत नाही. इडलीचं पीठ तर मुख्यतः जिवाणूंमुळं आंबतं. तेव्हा त्या मुलीनं इडली सोडून काही कमावलं नाही, सकाळचा नाश्ता तेवढा गमावला.

आता सोरायसिस. याच्यात नेमकं काय होतं? आपल्या कातडीची सगळ्यात खालची पेशी जन्मते, वर सरकत सरकत पृष्ठभागावर येते आणि गळून पडते. या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. पेशी पिकायच्या आधीच वर येतात, एकावर एक साचतात, आणि तो चंदेरी, जाड थर दिसतो. ही घाई पेशींना कोण करायला लावतं? आपलीच प्रतिकारशक्ती. त्यातले मुख्य निरोपे म्हणजे इंटरल्यूकिन-२३ आणि इंटरल्यूकिन-१७. नावं लांब आहेत, मी पुढं नुसतं आयएल-१७ म्हणेन.

आयएल-१७ हे मुळात वाईट नाही. चौकातल्या पोलिसाची शिट्टी समजा. बुरशी किंवा काही जिवाणू हद्द ओलांडायला लागले की शिट्टी वाजते. पांढऱ्या पेशी धावत येतात, कातडीच्या पेशी जंतू मारणारी रसायनं सोडतात, हद्द पुन्हा आखली जाते, शिट्टी थांबते. सोरायसिसमध्ये ती थांबत नाही.

मग प्रश्न सरळ येतो. बुरशी आली की वाजणारी शिट्टी सोरायसिसमध्ये सतत वाजते आहे, आणि डोक्यात बुरशी तर आहेच. म्हणजे तीच वाजवायला लावते का?

हा प्रश्न वेडगळ अजिबात नाही. शास्त्रज्ञांनी तो मनापासून विचारलाय. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या रोझेनबर्ग आणि बेल्यू या दोघांनी डोक्याच्या सोरायसिसवर केटोकोनॅझोल, म्हणजे बुरशीवरचं औषध, पोटातून देऊन बघितलं आणि सुधारणा झाल्याचं लिहिलं. त्याच सुमारास मारलेल्या यीस्टचा अर्क सोरायसिसवाल्यांच्या चांगल्या त्वचेवर पट्टीखाली लावला, तर तिथं सोरायसिससारखे चट्टे उठले. पुढं प्रयोगशाळेत दिसलं की मालासेझियाच्या संपर्कात आलेल्या त्वचेच्या पेशी दाह वाढवणारी आणि पेशींची वाढ चेतवणारी रसायनं जास्त सोडतात. २०१९ मध्ये झुरिकच्या गटानं उंदरांवर काम केलं, आणि मला ते या सगळ्यात नीटनेटकं वाटतं. त्यांनी उंदरांच्या कानावर मालासेझिया लावलं. आयएल-१७ ची शिट्टी वाजली आणि तिच्याचमुळं यीस्ट आटोक्यात राहिलं. पण कातडीचा वरचा थर आधीच फाटलेला असेल, तर तीच शिट्टी दाह आणखी भडकवते, असंही दिसलं.

इथपर्यंत रीलवाला जिंकतोय असं वाटेल. थांबा.

पहिली अडचण जागेची. यीस्टच कारण असतं, तर सोरायसिस सगळ्यात जास्त कुठं दिसायला हवा होता? कपाळ, नाक, पाठ, जिथं तेल आणि यीस्ट भरपूर. पण त्याच्या आवडत्या जागा कोणत्या? कोपर, गुडघे, कमरेचा खालचा भाग. कोपराची कातडी किती कोरडी असते ते स्वतः हात लावून बघा. तिथं या यीस्टला जेवायला फारसं काही नाही. डोकं हे एकच असं मोठं ठिकाण जिथं दोघं शेजारी राहतात.

दुसरी अडचण पट्टीच्या प्रयोगाची. सोरायसिसवाल्याच्या त्वचेला खरचटलं, भाजलं, घट्ट पट्टा घासला तरी तिथं चट्टा उठू शकतो. जर्मन डॉक्टर केब्नर यांनी एकोणिसाव्या शतकातच हे सांगितलं, म्हणून त्याला केब्नरची खूण म्हणतात. मग अर्कानं चट्टा उठला तो यीस्टमुळं, की नुसत्या त्रासामुळं? एवढ्यावरून ठरवता येत नाही.

तिसरी, यीस्ट सगळ्यांच्या अंगावर आहे. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये सोरायसिसच्या पेशंटांच्या आणि निरोगी माणसांच्या त्वचेवरचं मालासेझिया ताडून पाहिलं होतं. यीस्ट दोन्हीकडं सापडतं. फरक शोधायचा तो जातींचा, उपजातींचा, त्यांच्या प्रमाणाचा. आणि वेगवेगळ्या देशांतल्या अशा अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. कुठं फरफर जास्त, कुठं ग्लोबोसा, कुठं रेस्ट्रिक्टा. शेजाऱ्याच्या घरात जे भांडं आहे तेच माझ्याही घरात असेल, तर आमच्या घरातलं भांडण त्या भांड्यामुळं झालं असं म्हणायला आणखी काहीतरी पुरावा लागतो.

आणि चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यात बोलकी. गेल्या दहा-बारा वर्षांत आयएल-१७ ला अडवणारी इंजेक्शनं आली. सेक्युकिनुमॅबला अमेरिकेत जानेवारी २०१५ मध्ये परवानगी मिळाली, नंतर ते भारतातही आलं. ही औषधं शिट्टीच काढून घेतात. परिणाम काय झाला? कित्येक पेशंटांची त्वचा जवळजवळ साफ झाली. आणि त्याच वेळी काहींच्या तोंडात कॅन्डिडा वाढला. कॅन्डिडा म्हणजे दुसरं एक यीस्ट, तोंडात पांढरा थर धरतं ते. हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. यीस्टविरुद्धचा पहारा कमी केला, यीस्टला मोकळीक मिळाली, आणि तरी सोरायसिस गेला. यीस्टची वाढ हाच आजार असता, तर पहारा काढल्यावर तो वाढायला हवा होता. आजार शिट्टीत आहे. यीस्ट हे फार तर शिट्टी वाजायच्या अनेक निमित्तांपैकी एक.

निमित्तं आणखीही आहेत. घशात स्ट्रेप्टोकॉकसचं इन्फेक्शन झालं की दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे चट्टे उठतात, विशेषतः तरुण पोरांना. काही औषधं असतात, जसं लिथियम, क्लोरोक्विन, काही बीपीच्या गोळ्या. दारू, सिगारेट, वजन, ताण, हिवाळ्यातली कोरडी हवा. आणि याखाली पाया म्हणून जनुकं. एचएलए-सी*०६:०२ हा त्यातला सगळ्यात ओळखीचा प्रकार. काकाला असेल आणि पुतण्याला झाला, तर त्याचं कारण एकाच घरातला टॉवेल नाही.

बरं, मग बुरशीच्या औषधाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण ठरावीक जागी. डोक्यात कोंडा आणि सोरायसिस यांची सरमिसळ असते तेव्हा. डॉक्टर त्याला सेबोसोरायसिस म्हणतात. तेलकट, पिवळट पापुद्रे भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागं, आणि जोडीला जाड चट्टेही. अशा वेळी केटोकोनॅझोलचा दोन टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे देतात, आणि तो बऱ्याचदा खाज उतरवतो. एक सांगतो, काउंटरवर रोज सांगायचो आणि रोज लोक विसरायचे. शाम्पू लावल्या लावल्या धुवायचा नाही. फेस डोक्यात तीन ते पाच मिनिटं राहू द्यायचा. औषधाला काम करायला तेवढा वेळ तर द्या. बादली भरेपर्यंत थांबायचं, एवढं सोपं आहे.

काखेत, जांघेत, छातीखालच्या घडीत सोरायसिस असेल तर तिथं कॅन्डिडा वर बसू शकतो. तेही वेगळं बघावं लागतं.

पण पोटातून घ्यायच्या बुरशीच्या गोळ्या हे प्रकरण निराळं. केटोकोनॅझोलच्या गोळीनं लिव्हरला गंभीर इजा होऊ शकते. २०१३ मध्ये युरोपच्या औषध संस्थेनं बुरशीच्या आजारांसाठी ती थांबवायला सांगितलं आणि अमेरिकेनं वापर एकदम आवळला. आणि टर्बिनाफिन, जी आपल्याकडं गजकर्णासाठी सर्रास घेतली जाते, तिच्यामुळं सोरायसिस भडकल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणजे ज्या गोळीनं यीस्ट मारायला निघालात, तीच गोळी चट्टा वाढवू शकते. त्या मुलीनं कुठली गोळी आणली होती ते मी विचारलं. तिला नाव आठवत नव्हतं. पट्टी कापून दिली होती म्हणे, नाव अर्धवट.

यापेक्षा मोठा धोका तिनं बंद केलेल्या गोळीचा आहे. आठवड्याची गोळी म्हणजे बहुतेक मेथोट्रेक्सेट. हे सोरायसिसचं जुनं, स्वस्त आणि कामाचं औषध आहे. आपल्या मनानं बंद केलं की काही आठवड्यांत चट्टे परत येतात. पहिले दहा-बारा दिवस बरं वाटलं ते आधीच्या गोळीचा असर टिकून होता म्हणून, पाव सोडला म्हणून नव्हे. आणि याच्या उलटी चूक तर जीव घेते. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावतो. चिठ्ठीवर वार लिहून घ्या. "आठवड्यातून एकदा" एवढंच नको, "दर रविवारी" असं लिहून घ्या. दारू पीत असाल तर डॉक्टरला खरं सांगा, कारण लिव्हर एकच आहे. बाळाचा विचार असेल, मुलगा असो की मुलगी, तर आधी विचारा.

म्हणून तिला मी एवढंच म्हटलं की उद्याच्या उद्या जिथून गोळी सुरू झाली होती त्या डॉक्टरकडं जा आणि काय काय बंद केलं, काय काय नवीन घेतलं ते सगळं सांग. रागावले तर रागावू देत. स्वतःहून गोळी पुन्हा सुरू करू नकोस, कारण मध्ये काय काय पोटात गेलंय ते त्यांना कळल्याशिवाय डोस ठरत नाही.

आता घरातल्या गोष्टी. तेल. आपल्याकडं डोकं कोरडं दिसलं की आई तेल थापते. साध्या कोंड्यात रात्रभर तेल ठेवणं म्हणजे त्या चूल नसलेल्या पाहुण्याला घरपोच डबा पाठवणं. सोरायसिसमध्ये मात्र तेलाचा उपयोग आहे, खपली मऊ होते. खोबरेल तेलात सॅलिसिलिक आम्ल घातलेली तयार औषधंही डॉक्टर लिहून देतात. तेव्हा तेल लावा, थोडा वेळ ठेवा आणि धुऊन टाका. फणीनं खपल्या ओरबाडून काढू नका. हे मी आयांना उद्देशून बोलतोय. पोरीला मांडीवर घेऊन, उन्हात बसून फणीनं एक एक पापुद्रा काढायचा, यात माया आहे हे कबूल. पण ओरबाडलं की रक्ताचे ठिपके येतात आणि केब्नर पुन्हा हजर.

ऊन सोरायसिसला मानवतं. दवाखान्यात अल्ट्राव्हायोलेट किरणांचा उपचारही देतात. पण आपल्या वऱ्हाडातलं मे महिन्यातलं दुपारचं ऊन हा उपचार नाही. त्यात कातडी भाजते आणि भाजल्या जागी नवा चट्टा येतो.

आणि ट्यूब. तीन-तीन औषधं एकत्र असलेल्या ट्यूब, बुरशीचं, जिवाणूचं आणि वर क्लोबेटासोलसारखं जबरदस्त स्टिरॉइड, असं सगळं एकात. सोरायसिसला लावली की स्टिरॉइडमुळं आठवड्यात चट्टा बसतो. माणूस म्हणतो, "पहा, फंगसच होतं." नव्हतं. गजकर्णाला लावली तर उलट, वरून लाली जाते आणि आत बुरशी पसरत राहते. २०१८ मध्ये सरकारनं त्वचेवर लावायची बरीच स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत टाकली. कागदावर. सुईचं तर याहून वाईट. गावात एखादा "एका सुईत साफ" म्हणतो, ती सुई बऱ्याचदा स्टिरॉइडची असते. तिचा असर ओसरला की सोरायसिस असा उसळतो की अंगभर लाल होतं किंवा पूचे बारीक फोड येतात, ताप येतो. असं झालं तर घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. अमरावतीत इर्विन आहे, अकोल्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

बुरशी आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं कारणच नाही. चट्ट्याचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, केओएच तपासणी. साधी असते, स्वस्त असते, बरेचदा त्याच दिवशी कळतं. सहा महिने ट्यूब बदलण्यापेक्षा ही एक तपासणी मागा.

स्वतः बघताना काय बघायचं? सोरायसिसचा चट्टा केसांची रेघ ओलांडून कपाळावर किंवा मानेवर उतरतो आणि त्याची कड ठळक असते. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. सकाळी उठल्यावर बोटं किंवा टाच आखडलेली असेल तर ते आवर्जून सांगा, कारण सोरायसिस सांध्यांतही जातो, आणि सांधा एकदा वाकडा झाला की शाम्पूनं सरळ होत नाही.

आणखी एका गोष्टीवर बोलायचंच आहे, कारण त्या मुलीच्या व्हॉइस नोटमध्ये शेवटी एक वाक्य होतं जे मी वर वाचलं नाही. मेसमधल्या पोरी तिच्या शेजारी बसत नाहीत. यीस्टच्या रीलनं हेही नुकसान केलं. बुरशी म्हटलं की लोकांना वाटतं लागण होते. सोरायसिस लागत नाही. शेजारी बसून नाही, कंगव्यानं नाही, एका ताटात जेवून नाही, लग्न करून नाही. आणि मालासेझिया तर त्या पोरींच्या डोक्यातही आधीपासूनच आहे.

ही भीती जुनी आहे. शेकडो वर्षं युरोपातही सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत व्हायची. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी दोन्ही आजार स्पष्ट वेगळे केले. आपल्या अमरावतीला तर हे वेगळं सांगायला नको. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी इथं तपोवन उभं केलं ते ज्या माणसांना घरानं आणि गावानं बाहेर काढलं होतं त्यांच्यासाठी. आणि तो कुष्ठरोग तर आज औषधानं बरा होतो, उपचार सुरू झाले की पसरायचाही थांबतो. सोरायसिस मुळात पसरतच नाही, तरी लोक लांब बसतात. २०१४ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेनं सोरायसिसवर खास ठराव केला. त्यात हा आजार संसर्गजन्य नाही हे लिहिलं आणि पेशंटांना मिळणाऱ्या वागणुकीची दखल घेतली. भारतात वेगवेगळ्या अभ्यासांत सोरायसिसचं प्रमाण शेकडा ०.४४ ते २.८ असं दिसलंय. म्हणजे दोनशे पोरांची अभ्यासिका धरली तर तिथं एक-दोघं तरी असणारच. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, उन्हाळ्यातही.

जेवणाबद्दल बरेच जण विचारतात. वजन जास्त असेल तर ते कमी केल्यानं सोरायसिसला खरोखर फरक पडतो. दारू-सिगारेट सोडल्यानं औषधं नीट काम करतात. गहू सोडायचा तो तपासणीत सिलियाक निघालं तरच. बाकी दही नको, वांगं नको, संत्रं नको, असल्या याद्या माझ्याकडं दर आठवड्याला येतात. वऱ्हाडात राहून संत्रं सोडायचं म्हणजे कठीणच आहे.

आणि मोठ्या इंजेक्शनांबद्दल दोन वाक्यं. ती महाग आहेत, सगळ्यांना लागतही नाहीत. बायोकॉननं बंगळूरमध्ये तयार केलेलं इटोलिझुमॅब २०१३ पासून सोरायसिससाठी आपल्याकडं आहे. आयएल-१७ वालं इंजेक्शन चालू असेल आणि जिभेवर पांढरा थर आला, गिळताना दुखलं, तर ते कॅन्डिडा असू शकतं. तिथं बुरशीचं औषध खरंच लागतं, आणि डॉक्टर ते देतात.

पुढचा भाग गजकर्णावर करतोय. एक काम करा. घरात त्वचेची जी ट्यूब पडलेली असेल तिच्या मागच्या बारीक अक्षरांचा फोटो काढून पाठवा, नाव-पत्ता नको. किती जणांच्या कपाटात तीच तीन औषधं आहेत ते मला मोजायचंय.